शेऱ्याचा रकाना

विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्र विभागात पाऊल टाकलं की उजव्या हाताला भिंतीत बसवलेलं एक काचेचं कपाट दिसतं. वर पितळी अक्षरं: 'आमचे यश'. विभागात शोध लागो न लागो, हे कपाट रिकामं कुणी बघितलेलं नाही. कुणी परदेशात जाऊन आलं की त्याचा फोटो. जाणार असेल तरी फोटो. एका प्राध्यापकांचं जाणं ऐनवेळी रद्द झालं, तर 'निमंत्रण आल्याबद्दल' म्हणून त्यांचाही लागला. एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाशी हात मिळवतानाचा फोटो तर तीन वर्षं हलला नव्हता. त्यात त्या शास्त्रज्ञाचा हात आमच्या माणसाच्या हातात आहे, पण मान तिसऱ्याच कुणाकडे वळलेली आहे. दर महिन्याला हेच सगळं गुळगुळीत कागदावर छापून वार्तापत्र म्हणून वाटलं जायचं. विभागातली निम्मी माणसं ते वाचायची, ती आपलं नाव आलंय का ते बघायला. उरलेली निम्मी दुसऱ्याचं नाव आलंय का ते बघायला.

या कपाटासमोरून ठिपकेबाई एकतीस वर्षं जात-येत होत्या. त्यांचा फोटो त्यात लागला नव्हता आणि लागावा असं त्यांनी काही केलंही नव्हतं. त्या नुसतं काम करायच्या.

काम गच्चीवर. लिफ्ट चौथ्या मजल्यावर संपते, पुढे बेचाळीस पायऱ्या, मग पत्र्याचा फिरता घुमट. आत माणसाच्या मांडीएवढी जाड जुनी दुर्बीण. सूर्याकडे डोळा लावून बघायचं नसतं, डोळा जातो. म्हणून दुर्बिणीच्या मागच्या टोकाला एक फळी बसवलेली. सूर्य येऊन त्या फळीवरच्या कागदावर पडतो, वीतभर रुंद, पांढराफेक, कडेला जरा मळकट. त्यावर काळे डाग असतात. बाईंनी ते पेन्सिलीने जिथल्या तिथे गिरवायचे, मोजायचे आणि कागद वहीत लावायचा. आकाश मोकळं असेल त्या प्रत्येक दिवशी, सकाळी दहाच्या आत. साडेआठ हजार चित्रं झाली होती.

डागांना शास्त्रात नावं आहेत. बाईंची नावं वेगळी होती. मोठ्या त्या म्हशी, मधल्या त्या शेळ्या आणि अगदी टिंबाएवढ्या त्या लिखा. बाई खेड्यातल्या. पाच भावंडांची डोकी मांडीवर घेऊन लिखा काढण्यात लहानपण गेलेलं, त्यामुळे पांढऱ्यावरचं काळं आणि काळ्यावरचं पांढरं दोन्ही त्यांना चटकन दिसायचं. एखादं टिंब खरं की कागदातला कण असा संशय आला तर त्या कागद बोटाने जरासा सरकवायच्या. कणाचं टिंब कागदाबरोबर सरकतं, सूर्याचं जागचं हलत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांनी शिकवायचं ते पायऱ्या चढत नसत.

चित्राखाली रकाने होते: तारीख, वेळ, हवा कशी, डाग किती. आणि उजवीकडे कडेला शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाईंच्या आधीचे निरीक्षक तो मोकळा सोडत. बाईंनी कधी सोडला नाही. 'वारा. फळी थरथरते.' 'बोट कापलंय, रेघ जाड आली.' 'अंगात ताप. चित्र केलंय, भरवसा धरू नये.' आपल्या हाताखालून गेलेल्या कामात खोट असेल तर ती आपणच आधी सांगावी, एवढीच त्यांची विद्या.

गेल्या साली या वह्यांचे दिवस पालटले. आलेखवाली म्हणून एक संशोधक मुलगी विभागात आली होती. दिवसभर संगणकावर आलेख काढायची, म्हणून ते नाव. तिला वह्यांवर प्रबंध करायचा होता. तिचे मार्गदर्शक विभागप्रमुख स्वतः. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. उंचीला बेताचे होते, मोठेपणा आवाजात होता. दोन कंत्राटी माणसं यंत्र घेऊन आली आणि पानन्‌पान संगणकात घालू लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, कडेला बाईंचं अक्षर येतंय. चित्र मधोमध बसत नाही."

"कडा कापा," मोठे सर म्हणाले. "परदेशी लोक बघणार आहेत. स्वच्छ दिसलं पाहिजे."

संगणकातल्या साडेआठ हजार पानांच्या कडा गेल्या. वह्या होत्या तशा परत वर आल्या. मग सहा महिने खाली काय शिजत होतं ते वर कळलं नाही.

कळलं ते एका सोमवारी. बाई घुमट बंद करून डबा खायला खाली उतरल्या, तर काचेच्या कपाटासमोर गर्दी. नवं वार्तापत्र निघालं होतं. पहिल्या पानावर मोठ्या सरांचा हनुवटीला हात लावलेला फोटो, मागे उसना आणलेला सूर्य, आणि मथळा: 'विभागाचे घवघवीत यश. सूर्य उसासे टाकतो. आमच्या संशोधकांनी ते जगात प्रथमच टिपले.'

मजकूर असा, की मोठे डाग नेहमीसारखे येतात-जातात, पण बारीक डागांचं काही वेगळंच आहे. ते पाच-सहा वर्षं हळूहळू कमी होत जातात आणि मग एका महिन्यात एकदम वाढतात. पुन्हा हळूहळू कमी, पुन्हा एकदम वाढ. सूर्य जणू श्वास रोखून धरतो आणि सोडतो. असे चार उसासे सापडले होते. त्यातला तिसरा फार लवकर, दोनच वर्षांत आला, म्हणून तो सगळ्यात महत्त्वाचा. त्यावर मोठ्या सरांनी मूळ लेखात तीन पानं खर्ची घातली होती. शुक्रवारी बाहेरचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर घोषणा होणार. नोंदी कुणाच्या, तर 'विभागातील जुन्या'.

डबा खाता खाता बाईंनी आलेख बघितला. करवतीच्या दात्यांसारखा. दाते कुठे आहेत ते बघितलं आणि त्यांचा घास तोंडातच राहिला. वार्तापत्राची एक प्रत घडी करून त्यांनी डब्याच्या पिशवीत टाकली.

घरी नवरा खुर्चीत होता. त्यांनी जन्मभर बस चालवलेली, निवृत्तीनंतरही बैठक सुटली नव्हती.

"अहो, तुम्ही माझ्या चष्म्यावर बसलात तो महिना कोणता?"

"आता ते उकरून काढतेस? मी तेव्हाच कबूल झालो होतो."

"भांडायचं नाहीये. महिना सांगा."

"मला काय माहीत. तू चष्मा खुर्चीत ठेवलास, खुर्ची बसायला असते. मी बसलो."

"नवा चष्मा होता. दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती."

"झालं सुरू. अगं, कशाला पाहिजे महिना?"

बाईंनी वार्तापत्र पुढे केलं आणि तिसऱ्या दात्यावर बोट ठेवलं. "हा बघा. हा सूर्याचा सगळ्यात महत्त्वाचा उसासा. मोठ्या सरांनी यावर तीन पानं लिहिलीत."

"मग?"

"तीन पानं तुमच्या बुडावर लिहिलीत. नाव तेवढं टाकलं नाही."

नवऱ्याने कागद उलटासुलटा करून बघितला. त्यांना निम्मं कळलं, पण तेवढ्यानेही बरं वाटलेलं दिसलं. "म्हणजे मी बसलो नसतो तर?"

"तर सूर्याने आणखी तीन वर्षं श्वास रोखला असता."

नुसता अंदाज सांगायचा बाईंचा स्वभाव नव्हता. मंगळवारी चित्र उरकून त्या धाकट्या भावाकडे गेल्या. भावाचं चष्म्याचं दुकान होतं, आणि बहिणीचा डोळा चाळिशीपासून त्याच्याच हातात होता. त्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड असायचं.

"ताई, नवा करायचा का?"

"आहे तो बास. माझं कार्ड काढ."

भावाने काढलं. चाळिशी लागली तेव्हाचा पहिला नंबर, मग दुसरा, मग तो बसण्याच्या घोटाळ्यातला तिसरा, मग आत्ताचा चौथा. बाईंनी एकेक तारीख आलेखाशेजारी लिहिली. चारही दाते महिन्यासकट जुळले. डोळा हळूहळू मंदावत गेला तशा लिखा दिसेनाशा झाल्या, आणि नवा चष्मा चढला त्या महिन्यात सगळ्या परत आल्या. म्हशींना कधी काही झालं नाही, त्या आंधळ्यालाही दिसतात.

"एवढं शिकलेली माणसं," भाऊ म्हणाला, "त्यांच्यात एकालाही चाळिशी लागली नाही का?"

"सगळ्यांना लागलीय. पण ते वर बघायला येत नाहीत ना, मग दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न येतो कुठे."

मंगळवारीच दुपारी बाई मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या. बरोबर भावाच्या कार्डावरच्या तारखा आणि चार वह्या घेतल्या होत्या. वह्या खुणेचा कागद घातलेल्या जागी उघडल्या. प्रत्येक पानाच्या कडेला शेरा होता. शेवटच्यात लिहिलं होतं: 'आजपासून नवा चष्मा. बारीक डाग पुष्कळ जास्त दिसतात. म्हणजे मागच्या काही वर्षांत ते सुटले असणार. मागचे आकडे जपून वापरावेत.'

मोठ्या सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्ची मागे रेलली.

"बाई, हे चित्राचा भाग नाही. हे कडेला आहे."

"कडेलाच असतं सर. तिथे रकाना आहे. वर छापलंय, शेरा."

"शुक्रवारी पाहुणे येताहेत."

"येऊ द्या की. त्यांना खरं सांगा."

"खरं काय आहे हे एका चष्म्याच्या दुकानदाराच्या कार्डावरून ठरत नसतं." आवाज जरा चढला, मग त्यांनीच तो उतरवला. "तुमचं योगदान आम्ही विसरलेलो नाही. शुक्रवारी तुम्हाला मानचिन्ह द्यायचं माझ्या मनात आहे. काचेचं. वर सूर्य कोरलेला."

"त्यावर डाग किती?"

मोठे सर हसले नाहीत. ते पुढे वाकले आणि अगदी मऊपणे म्हणाले, "बाई, जरा विचार करा. तुम्ही म्हणता ते धरून चाललो, तर याचा अर्थ एकतीस वर्षांच्या तुमच्या वह्या तुमच्या डोळ्यांमुळे बिघडलेल्या आहेत. मग त्या कुणी हातात घेणार नाही. मी तुमच्याच भल्याचं बोलतोय. पुढच्या वर्षी निवृत्त होताय. उसासे राहिले तर वह्या राहतील."

वह्या उचलून बाई पायऱ्या चढल्या. वर बसल्या बसल्या त्यांना पहिल्यांदाच आपल्या चित्रांची किळस आली. बोलल्या तर वह्या रद्दी. न बोलल्या तर आपल्या हाताच्या चित्रांवर उभं राहून हा माणूस जगाला थाप मारणार. दुसऱ्या कुणाची वही असती तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. आपल्या वहीत त्यांनी तापाचा दिवससुद्धा लपवला नव्हता, आणि आता त्याच वहीला खोट्यात उभं करायचं.

बराच वेळ त्या वह्या चाळत राहिल्या. मग एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. वह्या बिघडलेल्या नव्हत्या. किती सुटलं ते मोजता आलं तर प्रत्येक वर्षाचा आकडा दुरुस्त करता येत होता. आणि मोजायचं कसं ते घुमटातल्याच पत्र्याच्या कपाटात, जुन्या डब्यात पडलेलं होतं: पहिला आणि दुसरा चष्मा. दुसरा नवऱ्याने बसून दोन तुकडे केलेला, पण काचा शाबूत, दोऱ्याने बांधता येण्यासारखा. तिसराही होता. चौथा नाकावर.

बुधवारी ढग आले. दिवसभर सूर्याने तोंड दाखवलं नाही. बाईंनी वहीत 'ढग' लिहिलं आणि शेऱ्यात मनात आलं ते लिहिलं नाही.

गुरुवारी आकाश धुतल्यासारखं निघालं. बाईंनी चार कागद काढले. सुरुवात जुन्यात जुन्या चष्म्याने केली. उलट केलं असतं तर चांगल्या चष्म्याने बघितलेलं मनात राहिलं असतं आणि हाताने नको तिथे टिंब टाकलं असतं. माणसाचा हात फार खुशामतखोर असतो, डोक्याला काय हवंय ते ओळखून चालतो. पहिल्या चष्म्यातून सतरा डाग मिळाले. दोऱ्याने बांधलेल्या दुसऱ्यातून चोवीस. तिसऱ्यातून तेहतीस. चौथ्यातून सेहेचाळीस. सूर्य तोच, फळी तीच, बाई तीच, सगळं मिळून दीड तास.

मग त्यांनी खाली फोन केला. "आलेखवाली आहे का? तिला वर पाठवा. आत्ता. ढग यायच्या आत."

मुलगी धापा टाकत आली. वर्षभर या वह्यांवर जगत होती, पण घुमट आज पहिल्यांदा बघत होती.

"मावशी, लवकर सांगा हं, मला उद्याची तयारी आहे."

"तेच सांगते. आधी हा सूर्य काढ. पेन्सिल ती तिथे."

तिला वाटलं बाईंची लहर असेल. पण डोळे तरणे, बिनचष्म्याचे. तिने खाली वाकून काढलं आणि मोजलं. "अठ्ठेचाळीस."

बाईंनी तिचा कागद बोटाने जरासा सरकवला. पेन्सिलीच्या खुणा सरकल्या, पण त्यातल्या दोन खुणांच्या मागे सूर्यावर काहीच उरलं नाही. "हे दोन कागदाचे. सेहेचाळीस." मग आपले चार कागद तिच्यापुढे ओळीने मांडले, त्यावर चष्मे ठेवले, शेजारी भावाच्या दुकानातल्या तारखा आणि वार्तापत्रातला तिचाच आलेख.

मुलगी हुशार होती. तिला मिनिटभर लागलं. ते एक मिनिट बघण्यासारखं नव्हतं, म्हणून बाईंनी घुमटाच्या फटीतून बाहेर बघितलं.

"माझं वर्ष गेलं," ती म्हणाली.

"गेलं."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"नऊ वर्षांपूर्वी सांगितलंय. त्याच्याआधी दोनदा आणि त्याच्यानंतर एकदा. लिहून. तू कडा कापून वाचलंस." बाई तिच्याकडे वळल्या. "आणि विचारायला यायचं होतंस. पायऱ्या बेचाळीसच आहेत. परदेशाला त्यापेक्षा लांब पडतं."

मुलगी तो दोऱ्याने बांधलेला चष्मा हातात घेऊन बघत होती. "तिसरा उसासा म्हणजे..."

"आमचे हे बसले."

चष्मा तिने जपून खाली ठेवला. चार कागद आणि तारखा घेऊन उठली. दारातून मागे वळून म्हणाली, "हे चारांतलं प्रमाण काढलं तर सगळी वर्षं दुरुस्त होतील."

"मग काढ की. कुणी धरलंय?"

गुरुवारी संध्याकाळी मोठ्या सरांच्या खोलीचं दार दोन तास बंद होतं. आत काय झालं ते शिपायालाही कळलं नाही, म्हणजे बघा. मुलगी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल होते, पण कागद तिच्या हातात नव्हते. ते तिने आत सोडले होते, आणि नंतर कळलं की 'माझं नाव उसाशांवरून काढा' असं लिहिलेला पाचवा कागदही बरोबर सोडला होता. तिचं नाव गेलं म्हणजे आकडेमोड कुणाची, असं पाहुण्यांनी विचारलं असतं. मोठ्या सरांना आकडेमोड येत नव्हती असं नाही. पंचवीस वर्षं केली नव्हती.

शुक्रवारी सभागृह भरलं. पाहुणे पुढच्या रांगेत. बाई शेवटच्या रांगेत, कारण तिथून निघता लवकर येतं. मोठे सर उठले, घसा साफ केला, हनुवटीला हात लावला.

"मित्रहो, विज्ञान म्हणजे स्वतःवर शंका घेण्याचं धैर्य. आमच्या विभागाने हे धैर्य दाखवलं आहे. जुन्या सौर नोंदींमध्ये निरीक्षकाच्या दृष्टीत वयोमानाने येणारी घट ओळखून ती दुरुस्त करण्याची नवी पद्धत आम्ही विकसित केली आहे. चार चष्म्यांचा हा प्रयोग माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता."

टाळ्या पडल्या. उसासे कुठे गेले ते कुणी विचारलं नाही. ज्यांनी सोमवारी अभिनंदन केलं होतं त्यांनीच शुक्रवारी केलं, शब्दही तेच. बाई टाळ्या संपायच्या आत बाहेर पडल्या होत्या.

पुढच्या महिन्याचं वार्तापत्र नवऱ्याने घरी मोठ्याने वाचलं. "'विभागाचे आणखी एक घवघवीत यश. वृद्ध निरीक्षकाच्या दृष्टिदोषावर मात.' हे तुझ्याबद्दल आहे का गं?"

"दोष तेवढा माझा. मात त्यांची."

"सत्तावन्नाची बाई वृद्ध? तू जाऊन विचार त्यांना."

"विचारते. त्यापेक्षा तुम्ही रागवा, तुमचं तर नावनिशाण नाही कुठे. तिसरा चष्मा आपोआप आला असं लिहिलंय."

नवऱ्याला ते खरंच लागलं. दोन दिवस ते खुर्ची सोडून पलंगावर बसले.

पण विभागात एक गोष्ट बदलली होती. कंत्राटी माणसं यंत्र घेऊन परत आली होती, आणि या वेळी पानं कडांसकट आत जात होती. आलेखवाली रोज सकाळी वर यायची आणि शेरे वाचून एका कोष्टकात भरायची. वारा, बोट, ताप, चष्मा. अक्षर लागलं नाही तर विचारायची. बाई सांगायच्या, कधी खेकसून, कधी नुसतं. तिचं एक वर्ष गेलं ते गेलंच, पण आता कामाला सुरुवात तरी झाली होती. बाईंना आपल्या वह्यांची किळस येणं थांबलं. मोठ्या सरांनी त्यातून कोणतं पीक काढलं हे त्यांच्या दृष्टीने दुसऱ्याच्या शेतातलं होतं.

त्यानंतर एका सकाळी खुद्द मोठे सर वर आले. एकतीस वर्षांत विभागप्रमुख घुमटात यायची ही पहिली वेळ. धाप लागली होती, पांढरा कोट नवा होता, आणि मागे फोटो काढणारा. काचेच्या कपाटासाठी प्रयोग चालू असतानाचा फोटो हवा होता.

"बाई, तुमचं चालू द्या. मी नुसता इथे उभा राहतो."

ते दुर्बीण आणि फळी यांच्या बरोबर मध्ये उभे राहिले. बाईंचा कागद एकदम काळा झाला. सूर्य कागदावरून उठून मोठ्या सरांच्या पोटावर जाऊन बसला होता.

फोटो काढणारा म्हणाला, "सर, जरा हसा."

"सर, जरा सरका," बाई म्हणाल्या. पेन्सिल त्यांनी खाली ठेवली नव्हती. वाकून त्यांनी कोटावरचा सूर्य नीट बघितला. "मला आज एकोणीस डाग मिळताहेत. त्यातली दोन तुमची बटणं आहेत."

कोपऱ्यात कोष्टक भरणारी मुलगी खाली वाकली आणि बराच वेळ तिने मान वर केली नाही. मोठे सर सरकले. बाईंनी पुन्हा मोजलं, सतरा आले, आणि त्यांनी तो आकडा लिहिला.